चांदीच्या मुठीची छत्री

सरकारी वकीलबाई खाली बसल्या आणि बचावाच्या वकीलसाहेबांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. चष्मेवाल्याची साक्ष संपली होती आणि बाई नेमका हुकमाचा प्रश्न विसरल्या होत्या. छत्री नेणारा माणूस कोर्टात हजर आहे का, हा प्रश्न. तो विचारला नाही म्हणजे ओळख पटली नाही, आणि ओळख पटली नाही म्हणजे खटला आडवा. आता वकीलसाहेबांनी फक्त "काही विचारायचं नाही" एवढं म्हणायचं, की आरोपी, म्हणजे त्यांचा मेहुणा, सुटला.

आणि तो सुटायलाच हवा होता. मागच्या बाकावर बायको मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. "माझ्या भावाला शिक्षा झाली तर घरी यायची तसदी घेऊ नका," असं तिने सकाळीच बजावलं होतं. ती बोलते तसं करते, हा एकोणतीस वर्षांचा अनुभव होता.

प्रकरण म्हटलं तर एवढंसं. दुकानातून चष्मेवाल्याची चांदीच्या मुठीची छत्री गेली आणि चार दिवसांनी मेहुण्याच्या हातात सापडली. तो बापडा पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडत होता, "दाजी, ती मी तुमच्याच दारामागून घेतली." वकीलसाहेबांनी ते मनावर घेतलं नाही. बावीस वर्षं सरकारी वकिली करून ते निवृत्त झाले होते, बचावाचा हा पहिलाच खटला. आरोपी नेहमी दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवतो, हे त्यांना पाठ होतं.

"गप्प बस," ते म्हणायचे, आणि हात लांब करून कागद वाचायला घ्यायचे. साक्षीदारही त्यांना जरा धूसरच दिसत होता. पण चष्मा लावण्याइतकं आपलं वय झालेलं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

"बचाव पक्षाला काही विचारायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

वकीलसाहेब उठले. ओठांवर "नाही" तयार होतं. पण समोर साक्षीदार, अंगात काळा कोट आणि बावीस वर्षांची सवय. जीभ आपली आपण चालू लागली.

"त्या दिवशी छत्री घेऊन गेलेला इसम आज कोर्टात हजर आहे का?"

वकीलबाईंच्या हातातलं पेन गळून पडलं. मेहुण्याने मान छातीत खुपसली. बायकोने पिशवी बाजूला ठेवली, आणि हे लक्षण काही बरं नव्हतं.

चष्मेवाल्याने चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला.

"आहे की. तुम्हीच," तो म्हणाला. "केव्हाचा सांगायला बसलोय, पण कुणी विचारेल तर ना. डोळे तपासायला तुमच्या डोळ्यांत थेंब घातले होते मी. थेंबांनी धूसर दिसतं, जरा वेळ बसा म्हटलं, तर 'मला सगळं स्वच्छ दिसतंय' म्हणून तरातरा निघालात. जाताना माझी छत्री नेलीत. तुमची काळी अजून माझ्याकडे टांगलेली आहे."

वकीलसाहेबांना मेहुण्याचं दारामागचं बोलणं आठवलं. काळी छत्री हरवली म्हणून त्यांनी मेहुण्यालाच झापलं होतं. आता काय बोलावं ते त्यांना सुचेना. पण जिभेला जुन्या सवयीने सुचत होतं. ते न्यायाधीशांकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"साक्षीदाराने आरोपीस ओळखले, अशी नोंद व्हावी."