चौथं वळण

“ताई, आधी तुमचा हात काढा,” राजकुमार सर म्हणाले.

संध्यानं मेघाच्या बोटांवरचा हात काढला. आठ वर्षांच्या मुठीत आता नुसता कंट्रोलर उरला. त्याचा चाप दाबला की ट्रॅकवरची वीतभर गाडी धावते, सोडला की थांबते. स्टिअरिंग नाही. गाडीच्या नाकाखाली एक खुंटी असते, ती ट्रॅकच्या खाचेत बसते आणि खाच नेईल तिकडं गाडी जाते. वळण आलं की चाप थोडा सोडायचा. नाही सोडला तर गाडी खाचेतून उडून पडते.

क्रांती चौकामागच्या गल्लीत, हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये हा चार लेनचा लाकडी ट्रॅक होता. वाळूजच्या कारखान्यातली नोकरी सोडल्यावर सरांनी तो स्वतः बनवला होता. आज निवड होती. पाच मिनिटांत चाळीस फेऱ्या करील त्यालाच रविवारच्या बॅचमध्ये जागा. मेघाला दोन महिने दुसरा विषय नव्हता. बॅचच्या वेळी पालकांनी मात्र खाली थांबायचं, असा नियम होता.

तो नियम संध्याला टोचत होता. मेघा चार वर्षांची असताना तापात तिला झटका आला होता. आता काही नाही, विसरून जा, असं डॉक्टर केव्हाच म्हणाले होते. संध्याला ते जमलं नव्हतं. शाळेच्या बसमागं ती स्कूटी घेऊन जायची. मेघा टीव्ही बघायची, तेव्हा ती मेघाला बघायची.

“मी हिच्या मागं उभी राहते सर. नुसती. बोलणार नाही.”

“मागं नको. आमचा एक मार्शल पाचोडला लग्नाला गेलाय. तुम्ही तिकडं चौथ्या वळणावर उभ्या राहा. गाडी पडली की उचलून खाचेत बसवायची. जी आधी पडंल ती आधी. आपली-परकी नाय करायची.”

चौथं वळण मेघाच्या बरोबर समोर होतं. संध्याला तेवढं बरं वाटलं. शिट्टी वाजली, चार गाड्या सुटल्या. संध्यानं एकाही गाडीकडं बघितलं नाही. मेघाची पापणी लवतेय ना, ओठ सरळ आहेत ना, हात हलत नाही ना, एवढंच ती बघत होती.

दुसऱ्या मिनिटाला मेघाची गाडी तिच्या वळणावर पडली. संध्या वाकली. खुंटी खाचेत बसेना. चष्मा वर ढकलून, नाक ट्रॅकला टेकवून तिनं ती कशीबशी बसवली. मान वर केली तेव्हा मेघा तशीच उभी होती, शांत.

फेरी झाली आणि गाडी पुन्हा तिथंच पडली. पुन्हा वाकणं, पुन्हा खुंटी. चौथ्या वेळी तर तिच्याआधी शेजारच्या लेनमधली शिवराजची गाडी पडली होती आणि संध्याचा हात मेघाच्या गाडीकडं गेला.

“ओ काकू! माझी आधी पडली! रूल हाय!” दहा वर्षांचा शिवराज ओरडला. “आपलीच पोरगी दिसती व्हय?”

पोरं हसली. मेघाही हसली. संध्यानं निमूट शिवराजची गाडी आधी ठेवली. पण मेघाची गाडी एकाच जागी का पडतेय? त्या क्षणी हिचं भान तर जात नाही ना?

शिट्टी वाजली. मेघाच्या सदतीस फेऱ्या झाल्या होत्या. तीन कमी पडल्या.

संध्याला हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. “पुढच्या वर्षी बघू हं,” असं म्हणत तिनं मेघाची बाटली पिशवीत टाकली.

“ताई, जरा थांबा,” सर जवळ आले. “बाकीच्या तीन वळणांवर ही एकदाबी पडली नाय. तुमच्याच वळणावर सात वेळा.”

“हात थरथरला असेल तिचा.” संध्या म्हणाली. “सर, तिला लहानपणी...”

“हात दगडासारखा होता. मी बोटांकडंच बघत होतो. तिथं आली की ती चाप सोडतच नव्हती.”

संध्या मेघासमोर खाली बसली. “मेघा, खरं सांग. मुद्दाम पाडलीस गाडी?”

“पहिल्यांदा चुकून पडली.” मेघा कंट्रोलरची वायर नीट गुंडाळत होती. “मग पाडली.”

“अगं, पण का? तुला बॅचमध्ये यायचं होतं ना?”

“यायचंय की.” मेघाचा चेहरा रडवेला झाला, पण ती रडली नाही. “पण गाडी पडली की तू खाली बघायचीस.”

“मग?”

“तेवढा वेळ तू मला बघत नव्हतीस.”