पाइपात उभं असलेलं पाणी

या, जरा पुढे सरकून बसा. दाराशी उभ्या आहात त्या ताई, तुम्हीसुद्धा. एका प्लंबरची गोष्ट सांगायची आहे. बायकांनी ऐकावी आणि पुरुषांनी मनावर घ्यावी अशी आहे. हसू आलं तर दाबू नका, तेही देवानंच दिलंय.

तर हा प्लंबर दवाखान्यातल्या आतल्या खोलीत सिस्टरच्या टेबलासमोर उभा होता. बसा म्हटलं तरी बसेना. बायको बाजूच्या खुर्चीत, हातात पाण्याची बाटली घट्ट धरून. सकाळपासून तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. गेले काही दिवस तो तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. वाढलं की जेवायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. संशय हा असा पाहुणा, की देवापुढे हात जोडले तरी मधे येऊन बसतो.

"सिस्टर, तुमचं काम गळतंय," तो म्हणाला.

"बेसिनचं का? ते तर तुम्हीच केलंत."

"बेसिनचं नव्हे. माझ्या ऑपरेशनचं म्हणतोय."

सिस्टरनं तपासणीचा कागद पाहिला, मग बायकोकडे पाहिलं. "हं. दिवस गेलेत."

"दोन पोरं झाली, आता पुरे म्हणालो. गोळ्यांनी हिला मळमळायचं, तांबी बसवायची म्हटलं की हिला धडकी भरायची. म्हणून दोन महिन्यांमागे मी स्वतः नसबंदी करून घेतली. आळी हसली माझ्यावर. मी छाती काढून फिरलो. आणि आता हे. मी काय समजायचं?"

"काय समजलात ते तोंडानं बोला की," बायको म्हणाली. आवाज अगदी थंड. "एवढे दिवस भिंतीला सांगताय, आज मलाही कळू दे. म्हणजे इथून घराकडे वळायचं की माहेराकडे, ते मला ठरवता येईल."

मनात घोळवलेला शब्द जिभेवर आणायला माणूस फार निर्लज्ज लागतो. हा तेवढा नव्हता.

सिस्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दादा, कुणाच्या घरी नळ बदलायला गेलात की आधी काय करता?"

"गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करतो."

"की लगेच खालचा नळ कोरडा?"

धंद्यातलं कुणी विचारलं की प्लंबरला राहवत नसे. "छे, लगेच कसा? व्हॉल्व्ह आत्ता बंद केला, पण पाइपात पाणी उभं असतंच ना. ते खाली येणारच. लोक माझ्या अंगावर धावून येतात, बंद केलंस तर पाणी येतंय कुठून म्हणून. मी म्हणतो, काका, दम धरा. नळ सोडून ठेवा, पाइप रिकामा होऊ द्या, मग..."

तो तिथंच थांबला.

बायकोनं पहिल्यांदा मान वर केली.

"बोला, मग काय?" सिस्टर म्हणाली, आणि पुढचं तिनंच सांगितलं. "नसबंदीत आम्ही बीजाची नळी बंद करतो. पण बांधल्या जागेच्या पुढे निघून गेलेलं बीज असतंच ना. ते सरायला तीनेक महिने जातात. तोवर कंडोम वापरा, मग तपासून घ्यायला या, असं मी सांगितलं होतं. गोळीनं बीजांड सुटत नाही, तांबी बीजाला तिथवर धड पोचू देत नाही, कंडोम त्याला दारातच अडवतो. पण ते वापरलं तरच. पिशवीभर कंडोम दिले होते तुम्हाला. काय झालं त्यांचं?"

प्लंबर स्वतःच्या चपला बघू लागला. "वापरले की."

"कुठे?" हे बायकोनं विचारलं.

त्याची नजर फितूर झाली. ती गेली थेट बेसिनखाली. सिस्टर उठली आणि वाकून तिथलं छोटं दार उघडलं. पाइपाच्या सांध्यावर पातळ रबर पीळ देऊन, गाठ मारून असं सुबक गुंडाळलं होतं, की खाली ओल म्हणून नाही.

"सायकलच्या ट्यूबपेक्षा छान बसतं," प्लंबर पुटपुटला. "ताणलं की धरून ठेवतं. शाळेत लावलंय, गिरणीत लावलंय, तुझ्या आत्याच्या न्हाणीत लावलंय. कुठूनही तक्रार नाही."

"साऱ्या आळीची गळती थांबली," बायको म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले, आणि भरल्या डोळ्यांनी पुन्हा हसू आलं. प्लंबर आता बसला. दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून फरशीवरच, तिच्या पायांशी.

"चुकलो गं."

"मला नका सांगू. भिंतीला सांगा."

आणि त्या बापड्यानं खरंच भिंतीकडे तोंड करून हात जोडले.

"आता पुढचं काय ते दोघं ठरवा," सिस्टर म्हणाली.

"दोघं कशाला? उलट्या मला होतायत," बायको म्हणाली. बाटलीतलं पाणी प्याली, तोंड पुसलं. "येऊ दे. वाट चुकलेलं नाही, आपल्याच पाइपातलं आहे."

मुलगी झाली. शाळेत तिचं नाव वेगळं आहे, पण आळी तिला थेंबी म्हणते. बाप तिला खांद्यावर घेऊन कामाला जातो.

तर मंडळी, घरी जाल, टाकीचा व्हॉल्व्ह बंद कराल, आणि तरी नळातून टपकन एक थेंब पडेल. तेव्हा व्हॉल्व्हला बोल लावू नका. त्या थेंबीची आठवण काढा. आणि थेंबीच्या आधी तिच्या आईची.