आख्खा कॅन

डब्लिनमध्ये थंडी पडली की इनास बीफचा स्ट्यू रांधायचा. कॅन उघडल्याचा आवाज आला की बाहेरच्या खोलीतून त्याची बायको मारथा ओरडायची, "इनास, आख्खा ओत हं!"

"ओतला गं!" म्हणत तो अर्धी काळी बिअर पातेल्यात ओतायचा नि उरलेली स्वतःच्या घशात. तीस हिवाळ्यांत ही चोरी एकदाही पकडली गेली नव्हती.

मारथा गेल्यानंतरच्या पहिल्या थंडीत त्याने इमानदारीत आख्खा कॅन ओतला. बाहेरच्या खोलीतून कोणी ओरडलं नाही. तीन तास शिजलेल्या स्ट्यूचा पहिलाच चमचा कडूजहर लागला.

कुठे चुकलं ते बघायला त्याने मारथाची वही काढली. तिच्या गोल, वसईच्या शाळेतल्या अक्षरात लिहिलं होतं, "काळी बिअर, अर्धा कॅन. इनासला आख्खा सांगायचा."