डावा खांदा

"डावा खांदा दोन बोटं उतरता ठेव, भाभी," सुकी म्हणाली. "गेल्या वर्षी दोन्ही सारखे शिवलेस, तर पट्टी एकीकडं लोंबत राहिली."

मुनिराने मशीन थांबवलं. जव्हारच्या बाजारातलं तिचं दुकान म्हणजे दोघी बसल्या की भरलं. वर आढ्याला झोळी टांगलेली, तीत नऊ महिन्यांची फिरदौस. एक पाय मशीनवर, एक हात झोळीच्या दोरीवर, असंच तिचं शिवण चाले.

सुकीने जुनं जाकीट पुढ्यात ठेवलं. पाठीकडून अजून पिवळंधमक, पुढून मात्र रंग उडून ताकासारखं झालेलं. रेडियमची पट्टी उसवलेली. मुनिराने ते झटकलं तर गळ्यातून पेंढ्याच्या चार काड्या पडल्या. सुकीने त्या एकेक करून वेचल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या.

"त्यालाच घेऊन ये ना एकदा. खांदा नीट मोजते."

"तो नाय येत. रस्ता सोडत नाय."

"रस्त्याच्या कामावर आहे का गं?"

"पावसाळाभर तिथंच असतो." सुकी बाहेर बघत होती. दुपारचे दोन वाजले होते, पण समोरचं दुकान धुक्यात बुडालं होतं. "लवकर दे, भाभी. तो तिकडं उघडाच उभा हाय."

पिवळा दोरा संपला होता. मुनिराने निळा ओवला.

"बटणं पुढं लावू?"

"बटणं नको. पाठीला नाड्या लाव."

"पाठीला? एकटा कसा बांधणार तो?"

"मी बांधते."

मुनिराला हसू आलं, आणि थोडा हेवाही वाटला. "खांद्याला काय झालं त्याच्या?"

"मोटारसायकलवर होता. दोन वरसं झाली. असंच धुकं होतं नि अंगात काळा शर्ट. जीपवाल्याला दिसलाच नाय."

"शुक्र आहे. खांद्यावर निभावलं."

 सुकी झोळीत वाकून बघत होती. "झोपेत हसते," ती म्हणाली. "माझा बाळ्या पण हसायचा. आता तर बोलतो. अंगणवाडीत जाताना रोज बापाला हात दाखवून जातो."

"आणि जाकीट घालतो का मुकाट्यानं? की रोज भांडण?"

"घालतो. काय बोलत नाय."

"नशीबवान आहेस बाई."

सुकीने शिवून झालेलं नवं जाकीट घडी न करता छातीशी धरलं आणि पोशेऱ्याची जीप गाठायला ती पळत सुटली.

मुनिराने ईदच्या आधी तसंच एक जाकीट नवऱ्यासाठी शिवलं होतं. बासित बाजाराच्या दिवशी मोटारसायकलला गाठोडी बांधून मोखाड्याला चादरी नि फ्रॉक विकायला जाई. जाकीट तेव्हापासून दाराच्या खिळ्यावर लटकत होतं. तो घाटात गेला की गाडीचा आवाज येईपर्यंत तिच्या हातून धड शिवण होत नसे.

"त्या सुकीचा नवरा बघा," जेवताना तिने विषय काढला. "बायकोच्या हातून नाड्या बांधून घेतो."

"ओळखतो मी त्या साहेबाला. पोशेऱ्याच्या वळणावर उभा असतो ना, पिवळा? धुक्यात चेहरा कुठला दिसतोय! पण पिवळं दिसलं की मी गाडी हळू करतो, रोडचं काम असेल म्हणून. दोनदा सलाम केला, तर बघायला तयार नाही. तुझ्या जाकिटानं माज चढलाय त्याला."

"मस्करी नको. तुम्ही घालणार की नाही?"

"गिऱ्हाईक काय म्हणेल? हा कपडे विकतो की खड्डे बुजवतो?"

"फिरदौसला बाप हवाय. गिऱ्हाइकाचं काय घेऊन बसलात?"

बासितने लेकीच्या तोंडात भाताचं शीत ठेवलं आणि विषय संपवला.

पुढच्या बाजाराला मुनिराही निघाली. मोखाड्याच्या नणंदेला फिरदौस दाखवायची होती. ओढणीने तिने लेकीला छातीशी घट्ट बांधलं आणि निघता निघता खिळ्यावरचं जाकीट पिशवीत कोंबलं.

घाटात धुकं इतकं की गाडीचा दिवा दोन हातांवर विरत होता. मुनिराने बासितचा राखाडी शर्ट मुठीत धरला होता. 

मग पुढे, रस्त्याच्या कडेला, पिवळं दिसलं.

"आला बघ तुझा साहेब," बासितने गाडी हळू केली, अगदी डाव्या अंगाला घेतली.

तेवढ्यात वळणावरून टेम्पो आला. दिवे बंद, आणि त्यांच्याच बाजूने. तो एका हाताच्या अंतरावरून गेला. त्याच्या वाऱ्याने मुनिराची ओढणी फडफडली. मग पुन्हा नुसतं धुकं.

बासितने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.  फिरदौस झोपेतच होती.

"हळू केली नसती तर..."  तो मागे वळला. "पिशवीत आहे ना ते? दे इकडं."

मुनिराने त्याला स्वतःच्या हाताने जाकीट घातलं. बटणं लावली. मग डोळे पुसून म्हणाली, "थांबा. त्याला सलाम करून येते. आज तरी बघेल."

ओल्या गवतातून ती बांधावर चढली. जाकीट तिचंच होतं, निळ्या दोऱ्याची शिवण धुक्यातही ओळखू आली.

"भाऊ," तिने हाक मारली. "मी मुनिरा, जव्हारची."

तो हलला नाही. ती आणखी दोन पावलं पुढे गेली.

पाठीवरच्या नाड्या नीट गाठ मारून बांधलेल्या होत्या. गळ्यातून पेंढा बाहेर आला होता. वर चुन्याने डोळे काढलेलं मडकं होतं. आणि खांद्यांच्या जागी बांबूला मोटारसायकलचं हँडल बांधलं होतं, डावीकडून दोन बोटं वाकलेलं.