तहकूब सभेची भजी

चिटणीस वनमालाबाईंनी हजेरी तीनदा मोजली. अध्यक्षांसकट सातही सदस्य आले होते. म्हणजे आजची सभा बुडालीच.

सात नगरपालिकांच्या सामाईक खरेदी संघात गणपूर्ती होण्याइतके सदस्य अकरा वर्षांत कधी आलेच नव्हते. सभा तहकूब व्हायची, अर्ध्या तासाने पुन्हा भरायची, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही या एका नियमावर सातही गावांची खरेदी सुरळीत चालायची. आज मात्र गावोगावची वीज गेली होती, आणि इन्व्हर्टरवरचा पंखा फक्त इथे फिरत होता.

विषय एकच होता: कुत्रा चावल्यावरची लस ठेवायला दवाखान्यांना फ्रिज. दुकानदाराने दिलेले दर आज संध्याकाळपर्यंतच होते.

"मुळात हा संघ कोणत्या कलमाखाली स्थापन झालाय?" पंख्याखालून लोंढे म्हणाले.

"ते बघायला समिती नेमा," शेजारचे डहाके म्हणाले. "सहा महिने द्या तिला. घाई नको."

वनमालाबाईंनी चष्मा पुसला. "साहेब, खाली कांदाभजी तळून ठेवलीयेत. गार होतील."

जिना धडधडला. भजी खाऊन पुन्हा वर चढलेला सदस्य संघाने अजून पाहिला नव्हता. गुडघ्यांमुळे मागे राहिलेल्या अध्यक्षांनी सभा तहकूब केली, आणि अर्ध्या तासाने ती दोघांचीच पुन्हा भरली.

"फ्रिजला कुणाचा विरोध?" अध्यक्षांनी रिकाम्या खुर्च्यांना विचारलं आणि रीतीप्रमाणे मिनिटभर वाट पाहिली.

खुर्च्या नेहमीसारख्याच समजूतदार निघाल्या.