उलटे टाके

पाचूबंदरची मालू मासळी विकत गावोगाव हिंडायची आणि मॅग्डलीनसाठी बायकांकडून क्रोशाचे नमुने आणायची. बदल्यात मॅग्डलीन त्यांना दोऱ्याचा गुंडा पाठवायची.

बावन्न साली मॅग्डलीनची लेक फिलोमिना तापाने गेली. पोर डावखुरी, तिचे टाके सगळ्यांच्या उलट कलायचे. तिची सुई आणि दोरा मॅग्डलीनने स्वतःच्या हाताने शवपेटीत ठेवला. तेव्हापासून आलेला प्रत्येक नमुना ती आधी उजेडात धरून बघायची.

आज मालूने एक विणलेला गुलाब आणून दिला. मॅग्डलीनने तो उजेडात धरला, मग हळूच गालाला लावला.

"कोनी दिला?"

"चांदीपच्या विहिरीवर एक पोरगी विनत बसलेली."

"बदल्यात काय मागितलं?"

"दोराच. म्हनली, आयनं दिलेला संपला."