रेघेवरचा निरोप

शालनची खुर्ची कुणीतरी चुन्याच्या रेघेपासून दहा पावलं मागे नेऊन ठेवली होती. तिने ती स्वतः उचलली आणि पुन्हा रेघेवर आणून बसली.

मोटरसायकलींच्या शर्यतीचा नवा सेक्रेटरी साकेत धावत आला. डोंबिवलीचा इंजिनीयर, बोलायला गोड. गाड्यांना वेळ मोजायच्या चिपा लावल्यात, दिवे हिरवे झाले की बत्तीसच्या बत्तीस एकदम सुटणार, पोलिसांनी रस्ता नऊपर्यंतच दिलाय, असं त्याने तिला हात जोडून समजावलं. शालनताईंनी मंडपात बसून आरामात नाश्ता करायचा. शालन खुर्चीतून हलली नाही.

आंबिवली ते टिटवाळा आणि परत, अशा दोन फेऱ्या. आजवर प्रत्येक फेरीला प्रत्येक गडी या रेघेवर पाय टेकायचा, खुर्चीकडे बघून "येतो" म्हणायचा आणि खुर्चीतून "ये" आलं की मगच सुटायचा. आधी खुर्चीत तिचे वडील असत, त्यांच्यानंतर ती. घाईत कुणाच्या तोंडून "जातो" निघालं, तर तो कितीही मोठा तीसमारखां असो, त्याची रवानगी रांगेच्या शेवटी. वागळे इस्टेटमधले फिटर काय, कोपरीची टवाळ पोरं काय, सगळ्यांनी हे निमूट पाळलं होतं.

दिव्यांची कल्पना शालनच्या मुलीची, जागृतीची. शर्यतीत उतरलेली ती पहिली बाई, आणि आज ती पहिल्याच रांगेत होती. शालनने तिला एवढंच विचारलं, की बाकीच्यांचं जाऊ दे, तू तरी म्हणशील ना.

"आई, थांबलं की तीन सेकंद जातात," जागृती म्हणाली आणि तिने हेल्मेटची काच खाली ओढली.

दिवे हिरवे झाले. गाड्या सुटल्या. कुणीही काही म्हणालं नाही. शालनला पोरीचा राग आला होता, त्याहून जास्त तिच्या जिवाची भीती वाटत होती.

आवाज लांब गेला. रस्त्यावर जानेवारीचं धुकं तेवढं उरलं. मग मागून, कल्याणच्या बाजूने, फटफट फटफट करत एकच गाडी आली. जुनी राजदूत. निळा धूर, तेलाचा वास. ती रेघेवर थांबली आणि स्वाराने पाय टेकला. त्याने दोनदा उगाचच ॲक्सिलरेटर पिळला, आणि तोंड बघायच्या आधीच शालनने त्याला ओळखलं.

तिचा धाकटा भाऊ, धम्मपाल. तेहतीस वर्षांपूर्वी याच रेघेवरून "येतो, ताई" म्हणून गेला होता. ती "ये" म्हणाली होती. काळू नदीच्या पुलावरून त्याची गाडी तेवढी परत आणली, टेम्पोत घालून. तो सापडलाच नाही.

तो अजून चोवीसचाच होता. फार दमलेला दिसत होता.

"ताई," तो म्हणाला, "आता कुणी येतो म्हणत नाही ना? मग मी जाऊ?"

शालनला रडू फुटलं नाही. तिला त्याच्या ओल्या बाह्या दिसल्या. त्याला तिच्या "ये"तून मोकळं करणारा शब्द तिला ठाऊक होता. पण या खुर्चीतून तो शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता, आणि पोटची पोर अजून रस्त्यावर होती.

"थांब," ती म्हणाली. "पोरगी परत येऊ दे."

त्याने मान हलवली आणि गाडी बंद केली. मंडपाकडे निघालेला साकेत त्याच्यापाशी आला आणि आपण का वळतोय हे न कळता वळसा घालून गेला. पुढे जाऊन त्याने शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

पंधरा मिनिटांनी गाड्या परतल्या. जागृती सहावी आली, धडधाकट. शालनचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या फेरीसाठी रांगा लागल्या, दिवे लाल झाले. धम्मपालने पुन्हा तिच्याकडे पाहिलं. तेहतीस वर्षं थांबला होता तसाच थांबला असता.

"जा," शालन म्हणाली. "जा, बाळा."

त्याने किक मारली आणि गाडी वळवून तो कल्याणच्या दिशेने धुक्यात गेला.

खुर्चीपासून दोन हातांवर जागृती उभी होती. तिला फक्त आईचा आवाज ऐकू आला. तिने काच वर केली. दिवे हिरवे झाले आणि एकतीस गाड्या सुटल्या. जागृतीचा पाय जमिनीवरच राहिला. मंडपातून साकेत ओरडत होता.

"मला म्हणालीस?"

"नाही गं."

"मग 'ये' म्हण." जागृतीचे ओठ पांढरे पडले होते. "येते मी. आई, 'ये' म्हण ना."

राजदूतचा आवाज अजून पुरता विरला नव्हता. रेल्वे फाटकाच्या पलीकडे बारीक ऐकू येत होता. हा शब्द तिथवर पोचणार, हे शालनला ठाऊक होतं. तिने थोडा वेळ काढला. आवाज संपेना. पोरगी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"ये," शालन म्हणाली.

जागृती सुटली. आणि फाटकापलीकडची फटफट बंद झाली, क्षणभर तशीच राहिली, आणि मग हळूहळू जवळ यायला लागली.